बंब येईपर्यंत : सौंदडसारख्या गावांतील अग्निशमन आणि त्याचे प्रमाणपत्र

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर साकोली आणि कोहमारा यांच्या दरम्यान वसले असून गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाहकडे जाणारा रेल्वेमार्गही याच गावातून जातो. भोवती धानाची शेती, थोड्या अंतरावर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आणि दारातून रात्रंदिवस धावणारे टँकर, अशा या ठिकाणी तीन निरनिराळ्या आगी शेजारी शेजारी नांदतात : कापणीनंतर शेतात रचलेल्या धानाच्या पुंजण्यांना लागणारी आग, उन्हाळ्यातला वणवा आणि महामार्गावरील वाहनाची आग. प्रत्येकीची पेटण्याची, पसरण्याची आणि विझवण्याची रीत वेगळी असली तरी तिन्हींत एक गोष्ट समान असते, ती अशी की त्या आगीपुढे सर्वप्रथम उभा राहणारा माणूस बहुधा अग्निशमन दलाचा नसतो. तो शेजारी, हंगामी वनमजूर, ढाबेवाला किंवा ग्रामपंचायतीचा शिपाई असतो. महाराष्ट्रात अग्निशामकाच्या प्रशिक्षणाची आणि प्रमाणपत्राची व्यवस्था बऱ्यापैकी घट्ट आहे, परंतु ती शहराच्या वेशीपर्यंतच का पोचते आणि वेशीबाहेर कोणते काम कोणाच्या अंगावर पडते, हे समजून घेण्यासाठी सौंदडसारखे गाव हाताशी असणे उपयोगाचे ठरते.

या विषमतेचे मूळ थेट राज्यघटनेत सापडते. १९९२ मध्ये संमत झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली आणि नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवावयाच्या १८ विषयांत सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा घातली. त्याच वेळच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींसाठी जी अकरावी अनुसूची तयार केली, तिच्यात शेतीपासून लघु वनोपजापर्यंत २९ विषय आहेत, पण आगीचा उल्लेख नाही. राज्याच्या कायद्यांतही हाच फरक उतरला आहे. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने आग विझवणे आणि आगीपासून जीवित व मालमत्ता वाचवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या अनुसूचीत आग विझवण्याच्या कामी मदत करणे एवढेच येते. मदत कोणाला करायची, तर जो येईल त्याला, आणि येणारा बंब शेजारच्या एखाद्या नगरपंचायतीचा, नगरपरिषदेचा किंवा कारखान्याचा असतो. जिल्ह्याचे ठिकाण असलेले गोंदिया शहर सौंदडपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे.

केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीने शहरी भागात आगीची वर्दी मिळाल्यापासून पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोचावा, असा दंडक फार पूर्वीच सुचवला आहे. चाळीस किलोमीटरचा रस्ता वीस मिनिटांत कापायचा तर बंबाला ताशी १२० किलोमीटर वेगाने पळावे लागेल, आणि साडेचार हजार लिटर पाणी पोटात घेतलेल्या वाहनाकडून तशी अपेक्षा करणे म्हणजे दुसऱ्या अपघाताला निमंत्रण देणे होय. शिवाय बंब वेळेवर पोचला तरी पाण्याचे गणित उरतेच. एका नळीतून मिनिटाला साडेचारशे लिटर पाणी सोडले तर ती टाकी दहा मिनिटांत रिकामी होते, दोन नळ्या लावल्या तर पाच मिनिटांत, आणि त्यानंतर तळे, विहीर किंवा नाला कोठे आहे, तिथपर्यंत बंब जातो का, पाणी ओढून घेणारी नळी तिथे पुरते का, हे प्रश्न निर्माण होतात. या प्रश्नांची उत्तरे गावातल्या माणसाकडेच असतात. ती योग्य वेळी आणि योग्य शब्दांत देण्यासाठी मात्र त्याला बंबाचे काम थोडेफार माहीत असावे लागते.

महाराष्ट्रात प्रशिक्षित अग्निशामक कोणाला म्हणावे, याचे उत्तर ठरलेले आहे. २००६ चा महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला आणि राज्याच्या अग्निशमन सेवेच्या संचालकाला त्याने कायद्याचे अधिष्ठान दिले. या संचालनालयाच्या अखत्यारीत मुंबईत सांताक्रूझ येथे राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र चालते. तेथील दोन पाठ्यक्रम महत्त्वाचे आहेत. पहिला सहा महिन्यांचा अग्निशामक पाठ्यक्रम, ज्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती न फुगवता ८१ आणि फुगवून ८६ सेंटिमीटर असणे अशा अटी पुरुष उमेदवारांसाठी सांगितल्या जातात. दुसरा एक वर्षाचा उपस्थानक अधिकारी पाठ्यक्रम, जो पदवीधरांसाठी असतो आणि ज्यातून अग्निशमन केंद्राची सूत्रे सांभाळणारे अधिकारी तयार होतात. महापालिका आणि नगरपरिषदांच्या भरतीच्या जाहिरातींत अग्निशामक पदासाठी याच सहा महिन्यांच्या पाठ्यक्रमाचे प्रमाणपत्र मागितले जाते, त्यामुळे शिकवणारी संस्था आणि नोकरी देणारी संस्था वेगळ्या राहतात आणि प्रमाणपत्राला राज्यभर एकच भाव मिळतो, हा या व्यवस्थेचा मोठा गुण आहे. नगरपरिषदांतील अधिकाऱ्यांची भरतीही आता राज्यस्तरीय संवर्गातून, म्हणजे सर्व नगरपरिषदांच्या सामाईक सेवेतून होते. २०२३ च्या नगरपरिषद राज्यसेवेच्या जाहिरातीत एकूण १,७८२ पदांपैकी ३७२ पदे अग्निशमन सेवेची होती.

याहून वरची पायरी सौंदडच्या बाजूलाच आहे असे म्हणता येईल. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि दुसऱ्याच वर्षी नागपूरला आले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील या संस्थेत देशभरातील अग्निशमन दलांचे अधिकारी शिकतात आणि अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही घेता येते. या पदवी अभ्यासक्रमात प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या महिला हर्षिनी कान्हेकर या नागपूरच्याच आहेत, आणि पुढे त्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळात अग्निशमन अधिकारी झाल्या. देशातील या क्षेत्राची सर्वोच्च शिक्षणसंस्था सौंदडवरून जाणाऱ्या महामार्गाने शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे, तरीही त्या संस्थेचे शिक्षण आणि सौंदडचा पुंजणा यांची गाठ कधी पडत नाही, कारण तेथे पाठवायला गावाकडे अधिकारीच नसतो.

सहा महिन्यांत नेमके काय शिकवले जाते, हे बाहेरच्या माणसाला क्वचितच ठाऊक असते आणि म्हणूनच आग विझवायला काय शिकायचे, असा समज टिकून राहतो. प्रशिक्षणाचा पाया कवायतीचा असतो. कॅनव्हासची ६३ मिलिमीटर व्यासाची नळी, जिला दलात होज म्हणतात, ती गुंडाळणे, एका फेकीत सरळ उलगडणे, धावत धावत तिचे कपलिंग जोडणे, पुढे तोटी लावणे आणि मागच्या पंपचालकाला हाताच्या खुणेने पाणी सोडायला सांगणे, ही क्रिया शेकडो वेळा करून घेतली जाते, कारण पाणी सुटल्यावर भरलेली नळी इतक्या जोराने मागे रेटते की एकट्या माणसाला ती आवरत नाही आणि हातातून सुटलेली तोटी जवळच्या माणसाला जायबंदी करू शकते. शिडी लावणे, दोराच्या गाठी बांधणे, बेशुद्ध माणसाला खांद्यावर टाकून उतरवणे, धुरात जमिनीलगत सरपटत भिंतीचा आधार धरून पुढे जाणे, हे सारे याच पद्धतीने अंगात मुरवले जाते. जोडीला वर्गात आगीचे शास्त्र असते : जळण, उष्णता आणि प्राणवायू यांपैकी एक काढून घेतल्याशिवाय आग विझत नाही, लाकूड-कापडाची आग पाण्याने विझते, पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर ते तेल उडवते, विजेच्या उपकरणावर टाकले तर टाकणाऱ्यालाच झटका बसतो, म्हणून आगींचे वर्ग पाडलेले असतात आणि प्रत्येक वर्गासाठी पाणी, फेस, कोरडी भुकटी किंवा कार्बन डायऑक्साइड यांपैकी काय वापरायचे ते ठरलेले असते.

या शिक्षणात श्वसनसंचाचा भाग विशेष पाहण्यासारखा आहे, कारण शौर्य आणि कौशल्य यांतला फरक तिथे आकड्यांत दिसतो. श्वसनसंच म्हणजे पाठीवर बांधायची दाबाखालील हवेची टाकी आणि तिला जोडलेला पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा. सहा लिटरच्या टाकीत तीनशे बार दाबाने हवा भरली तर ती साधारण अठराशे लिटर होते. कष्टाचे काम करणारा माणूस मिनिटाला चाळीस लिटर हवा घेतो असे धरले तर ती पंचेचाळीस मिनिटे पुरेल. घाबरलेला, अननुभवी माणूस मात्र याच्या दीडपट-दुप्पट हवा ओढतो, आणि टाकीतला दाब पन्नास बारपर्यंत उतरल्यावर जी शिट्टी वाजू लागते तिच्यानंतर त्याच्या हाती सात मिनिटेही उरत नाहीत. म्हणून आत जाताना दाब पाहणे, जायला जितकी हवा लागली त्याहून अधिक हवा परतीसाठी राखणे, बाहेर एका माणसाने आत गेलेल्यांची नावे आणि वेळा फळ्यावर मांडणे, हे नियम पाठ करून भागत नाही, ते धुराने भरलेल्या खोलीत पुन्हा पुन्हा करून घ्यावे लागतात. परीक्षेत हेच तपासले जाते, आणि प्रमाणपत्र म्हणजे खरे तर एवढीच हमी असते की हा माणूस आत गेला तर त्याला काढायला दुसऱ्याला जावे लागणार नाही.

या हमीची किंमत मुंबईने पूर्वी मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाला आग लागली. त्या जहाजात कापसाच्या गाठींबरोबर स्फोटके आहेत, हे आग विझवणाऱ्यांना वेळीच स्पष्टपणे समजले नाही, आणि झालेल्या स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो. विदर्भाला अलीकडच्या आठवणी पुरेशा आहेत : २१ डिसेंबर २०१६ रोजी गोंदिया शहरातील एका हॉटेलच्या आगीत सात जण दगावले आणि ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षातील आगीत दहा बालके गेली, सात वाचवता आली. अशा घटनांनंतर इमारतींच्या अग्निसुरक्षा तपासणीची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. रात्रपाळीच्या पहिल्या माणसाला काय येत होते, हा प्रश्न मात्र मागे पडतो.

प्रमाणपत्राला भाव आला की त्याची दुकानेही निघतात. दहावी-बारावी झालेल्या ग्रामीण मुलांना फायर अँड सेफ्टी नावाच्या पदविका विकणाऱ्या खासगी संस्था तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचल्या आहेत, आणि त्यांपैकी काहींचे शिक्षण कारखान्यांतील सुरक्षा विभागात उपयोगी पडत असले तरी नगरपरिषदेच्या भरतीत ते चालेलच असे नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील अग्निशमनाचे व्यवसाय अभ्यासक्रम केंद्राच्या मान्यतेचे असतात, तरीही भरतीच्या जाहिरातीत नेमक्या कोणत्या संस्थेचे, किती कालावधीचे प्रमाणपत्र मागितले आहे, हे शुल्क भरण्यापूर्वी वाचून घेणे एवढीच खबरदारी पालकांना वर्षभराच्या पैशांचा आणि मुलाच्या वयाचा अपव्यय टाळायला पुरेशी असते. भरतीची वयोमर्यादा आखूड असल्याने गेलेले वर्ष परत मिळत नाही.

आता वेशीबाहेरच्या माणसांकडे वळावे. ग्रामीण माणसाला आग विझवण्याचे प्रशिक्षण देण्यास कायदा कोणालाही बांधत नाही, परंतु आग विझवण्यास मात्र त्याला बांधतो, ही विसंगती फारशी ठाऊक नसलेली आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ७९ नुसार राखीव किंवा संरक्षित वनात ज्याला काही हक्क आहे, वनोपज गोळा करण्याची किंवा गुरे चारण्याची परवानगी आहे, अशा प्रत्येकाने, तसेच वनालगतच्या गावात सरकारी चाकरीत असलेल्या प्रत्येकाने वणव्याची खबर वन अधिकाऱ्यास किंवा पोलिसास द्यायची असते आणि कोणी सांगण्याची वाट न पाहता तो विझवण्यासाठी तत्काळ पावले उचलायची असतात. सबळ कारणाशिवाय जो हे टाळेल त्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्या कायद्यात आहे. इंग्रजी अमदानीत लिहिलेल्या या कलमाने वनालगतच्या माणसाला सक्तीचा अग्निशामक केले. त्याच्या बुटांचा, टोपीचा किंवा शिक्षणाचा विचार त्या कलमात नाही.

वन विभाग अर्थातच केवळ या सक्तीवर विसंबत नाही. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो आणि त्याआधी जाळरेषा काढल्या जातात, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत व पाचोळा कापून, वाळवून, माणसांच्या देखरेखीखाली जाळून टाकला जातो, जेणेकरून पुढे येणाऱ्या वणव्याला त्या पट्ट्यात जळण मिळू नये. हंगामात गावोगावचे मजूर अग्निरक्षक म्हणून रोजंदारीवर घेतले जातात, आणि उपग्रहांनी टिपलेल्या आगीच्या ठिकाणांची सूचना भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वनकर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर येते. तंत्रज्ञान असे वरून जमिनीपर्यंत पोचले आहे. शेवटच्या शंभर मीटरवर मात्र हिरव्या फांदीचा झाडू, असलाच तर पाने उडवणारा ब्लोअर आणि साधी चप्पल घातलेला मजूर असतो. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिरा अभयारण्यातील वणवा विझवताना वाऱ्याने भडकलेल्या आगीत सापडून तीन हंगामी वनमजुरांचा मृत्यू झाला आणि दोघे गंभीर भाजले. ते अग्निशामक म्हणून कोणत्याही नोंदवहीत नव्हते, पण ते जे काम करत होते त्याला दुसरे नाव नाही.

वणव्याशी लढण्याचे शास्त्र इमारतीच्या आगीपेक्षा निराळे असून त्यातला जीव वाचवणारा भाग थोडक्यात शिकवता येण्याजोगा आहे. उतारावरची आग वर चढताना वेगाने पळते, कारण वरचे जळण ज्वाळेच्या उष्णतेने आधीच वाळून तयार होते. उतार दहा अंशांनी वाढला की वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, असा जगभरच्या वनकर्मचाऱ्यांचा हिशेब आहे, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभे राहून ती विझवायला जाणे हा सर्वांत घातक प्रकार ठरतो. टोळीतील एकाने आगीत न उतरता वारा आणि धूर पाहत राहणे, त्याचा आवाज किंवा शिट्टी सर्वांपर्यंत पोचणे, माघारीच्या दोन वाटा आधीच ठरवणे आणि पूर्ण जळून काळी पडलेली किंवा मुळातच जळण नसलेली सुरक्षित जागा सर्वांना ठाऊक असणे, या चार गोष्टींवर वणवा विझवणाऱ्याचे प्रशिक्षण उभे असते. अनुभवी वनमजुरांना यांतले बरेच अनुभवाने माहीत असते, आणि वणव्याची कारणेही : मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवणे, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावणे, बिडीचे थोटूक, आणि जंगलालगतच्या शेतातली बांधावरची जाळपोळ. प्रशिक्षणाने या माहितीला क्रम आणि शिस्त यायची असते. शून्यातून सुरुवात करावी लागणार नसते.

धानाच्या पुंजण्याची आग वर्तमानपत्रांत दरवर्षी कापणीनंतर दोन-चार ओळींची बातमी होते, जिचा शेवट बहुधा पुंजणे जळून खाक झाल्याने होतो. इथे एक तांत्रिक अडचण आहे. दाबून रचलेल्या पेंढ्यांवर वरून ओतलेले पाणी आत शिरत नाही, ते बाजूने वाहून जाते, आणि बाहेरून विझलेला ढीग आतून धुमसत राहून तासाभराने पुन्हा पेट घेतो. त्यामुळे ढीग उपसून, पसरून, थरावर थर भिजवावा लागतो, ज्याला मनुष्यबळ आणि वेळ दोन्ही लागतात. गावकऱ्यांची स्वाभाविक धाव पेटलेल्या पुंजण्याकडे असते, तर शिकलेला माणूस आधी वारा कोणीकडे आहे ते पाहून खालच्या वाऱ्यातले न पेटलेले पुंजणे आणि तणसीचे ढीग भिजवायला घेतो, मधला काडीकचरा साफ करवतो आणि शेतातल्या मोटारपंपाचा वीजपुरवठा चालू ठेवायचा की तारेची ठिणगीच आगीचे कारण असल्याने तो तोडायचा, याचा निर्णय करतो. पेटलेला पुंजणा बहुधा गेलेलाच असतो. वाचवायचे ते शेजारचे असते, आणि एवढे कळण्यासाठी सहा महिने मुंबईत राहण्याची गरज नाही.

महामार्गाच्या आगीत याच्या उलट, गावकऱ्याने काय करू नये हेच शिकवण्यासारखे आहे. धोकादायक मालाच्या टँकरवर मोटार वाहन नियमांनुसार एक आपत्कालीन माहितीफलक लावलेला असतो आणि त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणातील चार आकडी क्रमांक असतो : १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ म्हणजे डिझेल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा द्रवरूप गॅस. उलटलेल्या टँकरपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहून हा क्रमांक वाचणे आणि ११२ किंवा १०१ वर तो जसाच्या तसा सांगणे, एवढ्याने येणाऱ्या दलाला फेस आणायचा की पाण्याचा मारा करत टाकी थंड ठेवायची, हे निघण्यापूर्वीच ठरवता येते. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो नाल्यात आणि खोलगट जागेत साचतो; सांडलेले पेट्रोल कॅनमध्ये भरून घ्यायला झालेल्या गर्दीने देशात अनेक ठिकाणी आपला जीव गमावला आहे. ढाबेवाले, पंक्चरवाले आणि पेट्रोलपंपावरचे कामगार रस्त्यावर चोवीस तास असतात, म्हणून या शिक्षणाचे पहिले विद्यार्थी तेच असायला हवेत.

जगातील पुष्कळ देशांनी हा प्रश्न पायऱ्या पाडून सोडवला आहे. अमेरिकेत अग्निशामकांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत, म्हणजे पोटापाण्याचा दुसरा उद्योग करून वर्दी आली की धावणारे. तरीही त्यांच्यासाठी राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९७० च्या दशकापासून व्यावसायिक पात्रतेचे प्रमाणक ठरवले असून त्यात पहिल्या पातळीचा अग्निशामक देखरेखीखाली काम करतो आणि दुसऱ्या पातळीचा लहान तुकडीची जबाबदारी घेऊ शकतो. प्रमाणक ठरवणारी संस्था एक, शिकवणारी दुसरी आणि परीक्षेला मान्यता देणारी तिसरी, अशी ती विभागणी आहे. जर्मनीत तर स्वयंसेवी अग्निशमन दले हाच त्या देशाच्या अग्निशमनाचा कणा असून त्यांत सुमारे दहा लाख लोक आहेत आणि लहानशा खेड्यातल्या सभासदालाही मूलभूत शिक्षणक्रम पूर्ण केल्याशिवाय आगीजवळ जाऊ दिले जात नाही. भारताने त्यांची नक्कल करावी असे नाही, कारण तिथल्या खेड्याची संपत्ती आणि विमाव्यवस्था निराळी आहे. पगारी नोकरी आणि प्रमाणपत्र यांची गाठ सोडता येते, एवढे मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रात ही गाठ पक्की आहे. सहा महिन्यांच्या पाठ्यक्रमाखाली दुसरी पायरीच नसल्यामुळे माणूस एक तर पूर्ण प्रशिक्षित असतो किंवा काहीच नसतो.

खालची पायरी घडवण्याची सामग्री इकडेतिकडे विखुरलेली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेत २०१६ पासून स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याची पिशवी आणि प्रमाणपत्र दिले जाते आणि २०२१ नंतर ही योजना देशातील ३५० जिल्ह्यांतील एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवण्यात आली. तिचा भर पूर आणि बचावकार्यावर अधिक असला तरी आगीचा भाग तीत बसवता येतो. तालुक्यांतील होमगार्ड, वनालगतच्या गावांतील संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आणि ग्रामपंचायतींचे कर्मचारी हे तयार विद्यार्थी आहेत, आणि तिरोड्याचे वीज केंद्र किंवा भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरची आयुध निर्माणी यांसारख्या ठिकाणी धोकादायक उद्योगांच्या गरजेपोटी उभी राहिलेली अग्निशमन यंत्रणा हे जवळचे शिक्षक होऊ शकतात. पैशांचे म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी केंद्राने २०२३ मध्ये पाच हजार कोटी रुपयांची योजना सुरू केली आहे. अशा योजनांतला मोठा वाटा वाहनांवर खर्च होण्याचा मोह प्रत्येक राज्याला असतो, कारण नव्या कोऱ्या बंबाचे लोकार्पण करता येते, माणसाच्या शिक्षणाचे करता येत नाही. अनेक लहान नगरपरिषदांत मात्र बंब उभा असतो आणि त्यावर कंत्राटी चालकाशिवाय दुसरा शिकलेला माणूस नसतो.

पायरी कोणतीही असो, तिच्या प्रमाणपत्राला मुदत असायला हवी. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा देऊन नवे करून घ्यावे लागते, कारण न वापरलेले कौशल्य विरते हे तिथे मान्य झाले आहे. नळी धरण्याचे कौशल्यही त्याहून टिकाऊ नसते. सौंदडसारख्या गावाला तर याचे वेळापत्रक निसर्गानेच आखून दिले आहे. कापणी नोव्हेंबरात होते आणि तेव्हा कोणाला फुरसत नसते; मळणी आटोपून धान खरेदी केंद्रावर पोचले की डिसेंबरअखेरपासून हात मोकळे होतात, आणि १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम उघडण्यापूर्वी जाळरेषांची कामे चालू असताना वनरक्षक, मजूर आणि पेटवलेली पण ताब्यात असलेली आग हे तिन्ही एकाच जागी उपलब्ध असतात. पंधरा-वीस जणांच्या तुकडीला प्रत्यक्ष आगीपुढे उभे करून वारा वाचायला, माघार घ्यायला आणि बंबाला पाण्याची जागा दाखवायला शिकवायचे, परीक्षा अग्निशमन संचालनालयाच्या अधिकाऱ्याने घ्यायची, आणि उत्तीर्ण झालेल्यांची नावे ग्रामपंचायत, वनपरिक्षेत्र कार्यालय व पोलीस ठाणे अशा तिन्ही ठिकाणी लावायची, एवढे करायला सहा आठवड्यांची ती मोकळीक पुरते. नागझिऱ्याला जाणाऱ्या मजुराला त्या यादीत नाव असल्याशिवाय वणव्यावर पाठवायचे नाही, हा आदेश काढायला तर तितकाही वेळ लागत नाही.